पायाळूची पाठ

बुलढाण्याहून खामगावकडे उतरणारा बोथ्याचा घाट संपला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेली कापसाची पऱ्हाटी दिसू लागली की माझी पाठ आपोआप ताठ होते. खांदे मागे जातात, उजवा जरा खाली येतो, पोट आत ओढलं जातं. शेजारच्या सीटवरच्या बाईला वाटतं, हिला काहीतरी आठवलं, घरी गॅस चालू राहिला की काय. गॅस बंद असतो. चालू असतं ते वेगळंच, आणि ते पांढरं शेत दिसल्याशिवाय चालू होत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी सोनाळ्याला, माझ्या माहेरी निघालो होतो. खिडकीशी माझी मुलगी सांची बसली होती. तिला तेरावं लागलंय. कानात बुचं, हातात फोन, पाय समोरच्या सीटच्या दांडीवर, आणि सगळं अंग एका कुशीवर सांडलेलं. मी दोनदा म्हटलं, नीट बस. तिने दोनदा नीट बसून दाखवलं आणि पुन्हा सांडली. या वयाची सगळीच मुलं अशी बसतात, हे मलाही कळतं. पण बाकीच्या आया ते पाहून फक्त चिडतात. मी घाबरते. गेल्या वर्षभरात तिची उंची बोटभर नाही, चांगली वीतभर वाढली आहे, आणि ती वाढताना मी तिची पाठ एकदाही पाहिलेली नाही. ती आता न्हाणीचं दार लावून घेते. मला त्याचं बरंच वाटलं होतं, कारण न पाहण्याची सोय झाली.

आता हे पाठीचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्या भागात अशा माणसाला मोठा मान असतो, फक्त तो पायापुरता असतो. कोणाच्या कमरेत चमक भरली, पाठीत उसण भरली, की पायाळूचा पाय तिथे लावायचा आणि दुखणं जातं, असा समज आहे. आणि चमक भरायची तर कापूस वेचणीसारखा हंगाम नाही. दिवसभर वाकून बोंडं वेचायची, कमरेला एका बाजूला बांधलेल्या झोळीत कोंबायची, झोळी जड झाली की अंग दुसरीकडे कलतं करायचं आणि तसंच पुढचं झाड धरायचं. मला कळायला लागल्यापासून वेचणीच्या दिवसांत सकाळी आमच्या अंगणात बायका यायच्या. गोणपाटावर पालथ्या पडायच्या. मी उजव्या हाताने दाराची चौकट धरायची, डाव्या पायावर उभी राहायची आणि उजवा पाय त्या दाखवतील तिथे टेकवायची. त्यांच्या लुगड्यांना कापसाचा, दवाचा आणि मिश्रीचा वास यायचा. “आता कसं मोकळं मोकळं वाटते वं,” म्हणत त्या उठायच्या आणि पुन्हा वाकायला शेतात जायच्या.

माझ्या बाबांना हे मुळीच पटत नसे. ते दर पौर्णिमेला विहारात लोकांना सांगायचे, डोकं वापरा, अंगारे-धुपारे सोडा. आणि घरी यावं तर त्यांच्याच पोरीच्या पायाखाली रांग. बिचारे चिडायचेही अर्धवट. “लाव बापा पाय, अन् जाय शाळेत,” म्हणायचे, “पर त्यायले सांग, संध्याकाळी शेकून घ्या म्हना.” त्या रांगेत कधी कधी पाटलीणकाकूही असत. आमच्या घरचं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत. चमक भरली की पाणी चालत नसलं तरी पाय चालतो, एवढी समज मला त्या वयातही आली होती. माझी माय मात्र त्या दिवशी अंगण दोनदा झाडायची. तिला त्या रांगेचा अभिमान होता आणि मला तो अभिमान दिसायचा.

पायात काही नाही, हे गावात फक्त मला ठाऊक होतं. पाय माझाच होता ना. टेकवताना त्यातून काही जातंय, काही येतंय, असं मला कधी जाणवलं नाही. जाणवायची ती फक्त समोरच्या बाईची ऊब, आणि डाव्या पायावर उभं राहिल्यामुळे सुटलेली थरथर. म्हणून तर मी चौकट धरायची.

नववीतला तो हंगाम. शाळेत कवायत चालली होती. कवायतीचे सर रांगांच्या मागून फिरत होते आणि माझ्यामागे येऊन थांबले. “करुणा, खांदा सरळ कर.” मी केला. “अगं, सरळ.” मी म्हटलं, सरळच आहे सर. मागच्या मुली हसल्या. सरांनी माझा उजवा खांदा हलकेच खाली दाबला, हात काढला, आणि तो खांदा पुन्हा आपल्या जागी वर गेला. त्यांनी मला पुढे वाकायला सांगितलं, जमिनीवरचा खडू उचलतेस तशी. मी वाकले. मागे कोणी हसलं नाही.  संध्याकाळी सर आमच्या घरी आले आणि बाबांशी कुंपणापाशी उभं राहून हळू आवाजात बोलले.

बुलढाण्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत मी आरशात शंभरदा तरी पाहिलं असेल. आरसा होता तळहाताएवढा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. त्यात तोंड दिसायचं, पाठ कशी दिसणार? मग मी सकाळच्या उन्हात भिंतीवर पडलेली माझी सावली पाहायची. सावलीही कधी सरळ दिसायची, कधी वाकडी, मी कशी वळते त्यावर. माणसाला स्वतःचं काय काय दिसत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला दोन्ही तळवे जोडून पुढे वाकवलं आणि मागून डोळे पाठीच्या पातळीवर आणून पाहिलं. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवत मानेपासून कमरेपर्यंत आल्या. त्यांचे हात गार होते. “उजवी बाजू बघा, उचललेली आहे,” त्या बाबांना म्हणाल्या. फोटो काढला. काळ्या फिल्मवर माझा कणा पांढरा दिसत होता आणि मधेच एका बाजूला झुकून पुन्हा जागेवर येत होता, गावाबाहेर नाला आला की पायवाट झुकते तसा.

“कण्याला दोन्ही बाजूंनी स्नायू धरून असतात,” त्यांनी सांगितलं. “दोन्हीकडचा जोर सारखा हवा. हिच्या एका बाजूचे ताणून बसलेत, दुसऱ्या बाजूचे ढिले पडलेत.”

“म्हंजे जोडीतला एक बैल वढते अन् एक मांगं राह्यते,” बाबा म्हणाले.

“तसंच समजा. पण आधी हाड वाकलं की आधी स्नायू, ते मी आज सांगू शकत नाही.”

“थे कापसाच्या झोळीनं झालं काय जी?” मायने विचारलं.

“झोळीनं हाड वाकत नाही. पण एकाच बाजूचं काम तिला आता देऊ नका. मुलगी वाढीला लागलीये. उंची वाढते तसा हा बाक कधी थांबतो, कधी वाढत जातो. होळीच्या आधी पुन्हा फोटो काढू. वाढला असेल तर पट्टा घालावा लागेल, दिवसरात्र. त्याहून वाढला तर नागपूरला पाठवू, ऑपरेशनसाठी.” आणि मग, कागदावर लिहिता लिहिता, “घरात कोणाला आहे का असं?”

“नाही जी,” माय चटकन म्हणाली. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. “आमच्या घरात समदे सरळ हायेत.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. घाटात गाडी वळायची तसं अंग कलायचं आणि दर वळणाला मला वाटायचं, आता तो आतला बाकही कलत असेल, वाढत असेल, आणि मला कळणारही नाही. दुखत असतं तर बरं झालं असतं. दुखणाऱ्याशी बोलता येतं.

तो सगळा हिवाळा मी कान लावून जगले. पाठीला कान लावून. डॉक्टरबाईंनी व्यायाम दिले होते: ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय एकदम उचलून धरायचा, मग उलट, एका कुशीवर कोपर टेकून कंबर अधांतरी ठेवायची, आणि एका पायावर उभं राहायचं, कशालाही न धरता. बाबा समोर बसून मनातल्या मनात अंक मोजायचे आणि माझा पाय थरथरला की त्यांचे ओठ थांबायचे. उजवी कूस दगडासारखी धरायची. डावीवर आले की अंग सगळं लटलटायचं, गोणपाटात तोंड खुपसून पडायची, आणि गोणपाटाच्या वासाने पुन्हा रडू यायचं. हे सगळं आतल्या खोलीत, दार लावून. दार लावण्याचा हुकूम मायचा होता.

“गावात बोंब होईन,” ती म्हणाली होती. “पायाळूचीच पाठ वाकडी म्हनतीन. मंग कोन उभं राहीन आपल्या आंगनात? अन् उद्या तुले पाहाले कोन येईन?”

तेव्हा मला तिचा राग आला होता. आज येत नाही. गावाने आम्हाला मान दिला होता तो तेवढ्या एका पायावर उभा होता आणि तो पडेल, ही भीती खरी होती. म्हणून रांग चालूच राहिली. सकाळी बंद दाराआड मी स्वतःच्या पाठीशी झुंजायची आणि तासाभराने त्याच दाराची चौकट धरून दुसऱ्यांच्या पाठी बऱ्या करायची. लांब वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायची, म्हणजे तो वर आहे हे कळू नये. एकदा पाटलीणकाकू उठता उठता माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, “काऊन वं, अशी तिरपी काऊन उभी?” मायच्या हातातला खराटा थांबला. “वाढीची पोर हाये काकू,” माय म्हणाली, “उभं राह्याची अक्कल नाही अजून.” आणि हसली. मला ते हसणं फार जड गेलं.

शेतात मला न्यायचं बंद झालं होतं. माझ्या वाटची तासं, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी, माय वेचायची. संध्याकाळी ती यायची तेव्हा झोळी सोडल्यावरही तिचं अंग झोळी बांधल्यासारखंच कललेलं असायचं. मला वाटायचं, थकली असेल.

आणि मग मायने ती चूक केली, जी फक्त आमच्याच गावची बाई करू शकते. पायाळूची पाठ बिघडली तर ती बरी कोण करणार? दुसरा पायाळू. बाबा बाजाराला गेलेले पाहून ती मला नदीपलीकडच्या गावी एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. तो जुना, नावाजलेला पायाळू होता, आणि तो माझ्यासारखा पाय नुसता टेकवत नसे. पाठीवर उभा राहत असे. वाटेत माय एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, तुह्या बापाले काही सांगू नको.

त्याच्या ओसरीत मी पालथी पडले. शेणाने सारवलेली जमीन गालाला गार लागत होती. म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली, आढ्याला टांगलेल्या दोराला धरलं आणि एक टाच माझ्या पाठीच्या उजव्या अंगाला ठेवली, नेमकी जिथे ती उचललेली होती. “हेच ना?” त्याने विचारलं. “हेच जी,” माय म्हणाली. “दाबा चांगलं. जरा जोरानंच दाबा.” टाचेचा भार वाढू लागला. माझ्या डोळ्यांपुढे ती काळी फिल्म आली, त्यातली झुकलेली पांढरी वाट. मला एवढंच कळत होतं की या पायात काही नाही. माझ्या पायात नाही, तर याच्यात कुठून असेल? आणि दुसरा पाय आत्ता वर येणार होता.

मी कुशीवर लोळले. म्हातारा दोराला लटकत कसाबसा सावरला. “नोको,” मी ओरडले, “माह्या पाठीवर कोनं पाय देऊ नोका!”

“पोरी!” माय धावली. तिने मला दंडाला धरलं. मला वाटलं, मारेल. तिने मला उठवून बसवलं.

“पायात काही नसते माय,” मी म्हटलं. “मले ठाव हाये. माहा पाय हाये थो.”

घरी येईपर्यंत ती माझ्यापुढे दहा हात चालत होती आणि मागे वळून पाहत नव्हती. शेताशेतांत उशिराचा कापूस काळवंडत चालला होता. मी तिच्या पाठीकडे पाहत चालले, पण पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला होता. दुसऱ्या दिवशी तिने अंगण झाडलं नाही. आलेल्या बायांना म्हणाली, पोरीची परीक्षा हाये, आता पाय-बिय काही नाही. आणि आतल्या खोलीचं दार तिने स्वतः उघडं टाकलं. मी ओणवी होऊन हात-पाय उचलत होते आणि कुंपणावरून बाया पाहत होत्या. दोन-तीन दिवस पाहिलं. मग त्यांना कामं होती.

होळीच्या आधीचा तो दुसरा फोटो. डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्मा उजेडापुढे शेजारी शेजारी लावल्या, पट्टीने रेघा ओढल्या, कोन मोजला, पुन्हा मोजला. खोलीतल्या पंख्याला एक कुरकुर होती. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. माय दाराशी, आत यायला तयार नव्हती.

“वाढलेला नाही,” त्या म्हणाल्या. “आहे तिथेच आहे. कमी होईल असं मी म्हणत नाही, पण थांबलाय. व्यायाम सोडायचे नाहीत.”

बाबांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं, असं जोरात की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मायने हातपाय धुतले, गोणपाट अंगणात टाकलं आणि काही न बोलता त्याच्यावर पालथी पडली. “लय दिवसाची चमक भरली हाये,” ती मातीला तोंड लावून म्हणाली. “नसते काही पायात, मले समजलं. तरी ठेव.” तिने आजवर कधीच मला पाय लावायला सांगितलं नव्हतं. पदर सरकून खाली आला होता. मी चौकटीपाशी गेले, डाव्या पायावर उभी राहिले, उजवा उचलला. आणि तसाच वर राहिला.

तिची पाठ उजवीकडून उचललेली होती. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पोलक्याची शिवणही मधेच झुकून पुन्हा जागेवर येत होती. ती फिल्म मला इतकी पाठ झाली होती की मला पट्टीची गरज नव्हती.

“माय,” मी म्हटलं, “तुही पाठ माह्यावानीच हाये.”

तिने पालथ्यापालथ्याच हाताने पदर चाचपला. मग म्हणाली, “असंन. मले काय ठाव? माही पाठ पाह्यली कोनं?”

मी पाय टेकवला. तिची ऊब लागली. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की चौकट धरायची राहूनच गेली होती, आणि पाय थरथरला नव्हता.

त्यानंतर माय कधी कोणापुढे वाकली नाही, म्हणजे कोणाला पाठ दाखवायला. मी किती म्हटलं, बाबा गेले तोवर तेही म्हणत राहिले. “आता पाहून काय कराचं? वेचाचं वेचून झालं,” एवढंच तिचं उत्तर. माझी पाठ तशीच आहे, थांबलेली. मी अजून रोज सकाळी डावी कूस थकवते. पण डॉक्टरबाईंचा तो प्रश्न, घरात कोणाला आहे का, तो माझ्यामागे लग्नात आला, बाळंतपणात आला. सांची डोक्याकडून जन्मली तेव्हा माय म्हणाली, “बरं झालं, पायाळू नाही.” मी मात्र त्या एवढ्याशा पाठीवरून बोट फिरवत होते.

यंदाच्या सुट्टीत, तिसऱ्या दिवशी सकाळी सांचीला कापूस वेचायची हौस आली. मामेबहिणींबरोबर फोनवर व्हिडिओ काढायचे होते. घरामागेच पऱ्हाटी आहे. ऊन नुकतं वर येत होतं. तिने पातळसा टी-शर्ट घातला होता, हसत हसत ती खालच्या बोंडासाठी वाकली, आणि मी नेमकी तिच्या मागे होते. कोवळं ऊन तिच्या पाठीच्या एका अंगावर पडलं आणि दुसऱ्या अंगावर पडलं नाही.

  माय कुंपणाशी उभी होती, तिनेही पाहिलं होतं. ती आता काठी घेऊन चालते. हळूहळू ती सांचीजवळ गेली. “इकडं ये वं पोरी, तुह्या मायले तुही पाठ पाहू दे.”

“काय झालं? मला काय झालंय?” सांची माझ्याकडे पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धंच राहिलं. मी ते ओळखलं. कवायतीच्या मैदानावर माझं झालं होतं तसंच होतं ते.

मायने काठी माझ्या हातात दिली. दोन्ही खांद्यांवरून पदर काढला, कमरेला खोचला, दोन्ही तळवे जोडले आणि पऱ्हाटीच्या तासात जमेल तेवढी पुढे वाकली.

“आधी माही पाह्य,” ती म्हणाली. “मंग तिची.”

सांचीने फोन खिशात टाकला आणि ती आजीच्या शेजारी तशीच वाकली. मी दोघींच्या मागे उभी राहिले. सकाळच्या उन्हात एक मोठी आणि एक लहान अशा दोन पाठी, दोन्ही उजवीकडून उचललेल्या. लहानीची फार नव्हती, पण होती.

उद्याच्या पहिल्या गाडीने आम्ही तिघी बुलढाण्याला जातोय. डॉक्टर कोणीही असोत, विचारतीलच, घरात कोणाला आहे का. मी रात्री मायला हे सांगितलं तर ती पदर नीट करत म्हणाली, “तू चूप राह्यजो. थे मी सांगतो.”